पाय टेकतात का?

"पाय टेकतात का?" दुकानदाराने विचारलं.

टेकत नव्हते. हे त्याला दिसत होतं, तिला दिसत होतं आणि काचेबाहेर आइसक्रीम खात उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांनाही दिसत होतं. ती डर्ट बाईकवर बसली होती म्हणण्यापेक्षा तिला कुणीतरी कपाटावर ठेवून दिलं होतं म्हणणं बरं. डावा पाय लोंबकळत होता, उजवा पाय लोंबकळत होता, आणि गाडी कलंडू नये म्हणून तिच्या नवऱ्याने मागचा मडगार्ड असा घट्ट धरला होता, की जणू ती दावणीचं उधळलेलं जनावर आहे.

"अंगठे टेकतात," ती म्हणाली.

"ताई, अंगठे हवेत आहेत."

"जाड तळव्याचे बूट घातले की टेकतील."

"जाड तळव्याचेच घातलेत तुम्ही."

नवरा खाकरला. तिने त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "अहो, काही बोलू नका."

हे तिसरं दुकान. पहिल्या दुकानातल्या माणसाने तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारलं होतं, "मुलगा कुठाय? त्याला आणलं असतं म्हणजे मापात घेता आली असती." दुसऱ्याने शहाणपणाने मुलाचा विषय काढला नाही, थेट मुलांची गाडीच पुढे आणली. तिच्यावर पाय टेकले. इतके टेकले की गुडघे हँडलला लागले, आणि वळायला गेली तर आपल्याच गुडघ्याने आपलाच हात अडवला. चाकं एवढीशी की दोन दगडांच्या फटीत जाऊन बसली असती. "बघा, कशी मापात दिसते!" तो दुकानदार म्हणाला. तिने तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं.

हा नेम तिला सासूबाईंनी लावून दिला होता. सासूबाईंचं स्वतःचं सकाळचं मौन असायचं. उठल्यापासून दुपार होईपर्यंत त्या एक शब्द बोलत नसत, मग जगबुडी का होईना. सुनेला त्यांनी त्यातलं सोपं दिलं होतं. राग आला की बोलायचं नाही, देवाचं नाव घ्यायचं. त्या महिन्यात तिने देवाचं नाव इतक्या वेळा घेतलं की तिची भक्ती बघून एखाद्या साधूने मान खाली घातली असती.

तिला सगळे टाचणी म्हणत. शाळेत नाव पडलं ते पडलंच. उंची तेव्हाच वाढायची थांबली, नाव मात्र पुढच्या प्रत्येक ठिकाणी तिच्याआधी जाऊन पोचायचं. पाणीखात्यात नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "टाचणी आली!" आणि तिने मुकाट्याने मान्य करून टाकलं. टाचणीला निदान डोकं तरी असतं.

तिची जागा पंपघरात होती. तळघरात. तीन पंप, एका भिंतीवर दाबाचे काटे, एक खुर्ची, आणि दिवसभर घुं घुं घुं. तिथं बोललेलं ऐकू येत नाही, ओठ वाचावे लागतात. काटा हलला की व्हॉल्व्ह फिरवायचा, नाही हलला तर काट्याकडे बघत बसायचं. गावाचं पाणी वरून डोंगरातल्या झऱ्याच्या टाकीतून यायचं. तिथून खालपर्यंत नळाची लाइन होती, आणि त्या लाइनीच्या कडेने दगडधोंड्यांची एक वाट. लाइनवर जायचं, जोड तपासायचे, गळती दिसली तर बांधायची, टाकीतला पाला काढायचा, हे लाइनवाल्याचं काम. जुना लाइनवाला रोज दुपारी पंपघरात डोकावायचा. गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टाला ओल्या पाल्याचा वास, आणि तोंडावर असा भाव की आत्ताच कुणी त्याला काहीतरी छान सांगितलंय. तो रोज वरून यायचा आणि ती रोज खालीच असायची. शेवटी त्याचे गुडघे गेले, त्याने काम सोडलं, आणि त्याच दिवशी ती मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

मुकादम म्हणजे मोजून बोलणारा माणूस. बोलणं उधार आणल्यासारखं बोलायचा. "स्वतःची गाडी आण," तो म्हणाला. "चढ चढून दाखव. अर्ध्यात पाय टेकवून थांब. परत निघ. जमलं तर लाइन तुझी. महिनाअखेरीला बघू."

त्याच लाइनवर मीटरखात्यातल्या एकाचा डोळा होता. त्याला सगळे ताडमाड म्हणत, आणि त्याला तसं म्हटलेलं आवडायचं. त्याला डोंगराशी काही देणंघेणं नव्हतं. वर कुणी साहेब येत नाही आणि सावली मात्र भरपूर आहे, एवढं त्याला कळलं होतं. तो हसून म्हणाला, "पाय टेकवून? मुकादम, आधी हिची नि जमिनीची ओळख करून द्या."

तेव्हापासून घरात, दारात, दुकानात एकच प्रश्न. गिअर बदलता येतात का, असं कुणी विचारलं नाही. ते ती लग्नाआधीच भावाकडून वीटभट्टीमागच्या मैदानात शिकली होती. चढावर भीती वाटते का, असंही विचारलं नाही. जो तो खाली वाकून तिच्या बुटांकडे बघायचा. पाय टेकतात का?

तर हे तिसरं दुकान. इथला दुकानदार कानावर पेन्सिल ठेवणारा, दमलेला, पण निदान खरं बोलणारा निघाला.

"ताई, ही गाडी उंचच असते. दगडावरून जायचं तर पोट वर नको का? पोटाला दगड लागला की इंजिन गेलं. बुटक्या... म्हणजे, बेताच्या उंचीच्या माणसांची पंचाईत होते, हे खरंय."

"बुटक्या म्हणा हो. त्याने काय मी आणखी खचणार आहे?"

दुकानदार हसला, आणि तो पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून हसला म्हणून तिला धीर आला. तिने नवऱ्याचा हात धरून कपाटावरून उडी मारली आणि विचारलं, "ही आडवी पडली तर मला एकटीला उचलता येईल का?"

दुकानदाराने पेन्सिल काढून परत कानावर ठेवली. "असं कुणी विचारत नाही."

"वर लाइनवर माझ्यासोबत कुणी नसणार. पडणार तर मी आहेच. उचलायला कोण येणार, ताडमाड?"

"पण दुकानात गाडी पाडायची म्हणजे..."

मागच्या अंगणात जुन्या पोत्यांवर पाडली. आधी ती कपाटाएवढी. तिने हँडल धरलं, कंबर वाकवली, जीव खाऊन ओढलं. गाडी गुडघ्याएवढी वर आली आणि तिने वेळीच सोडली नसती तर तिला घेऊनच खाली बसली असती. नवरा पुढे धावला. "अहो, हात लावायचा नाही!" मग दुकानदाराने कोपऱ्यातली एक बारीक अंगाची गाडी आणली. इंजिन लहान, वजन कमी, सीट मधेच चिमटीत धरल्यासारखी निमुळती. ती पाडली. टाचणी तिच्याकडे पाठ करून बसली, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने सीटखालची कड धरली, आणि पायांनी जमीन ढकलत मागे मागे सरकली. गाडी कुरकुरली आणि उभी राहिली.

तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "हीच."

"पण पाय?" नवरा म्हणाला.

ती बसली. पाठीचा कणा ताणला, कंबर ढिली सोडली, श्वास सोडला. बुटांची टोकं जमिनीची चौकशी करून परत आली.

"अगं, टेकत नाहीत."

"हीच," ती म्हणाली.

नवरा गाद्या शिवायचा. सोफे, बसच्या सीटा, दवाखान्यातली बाकं; माणूस कुठं कसा बसतो यावर त्याचं पोट होतं. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. गाडी दारात आली आणि त्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, सीटमध्ये अंगठा दाबून बघितला आणि खूश होऊन म्हणाला, "एवढंच ना? दे ती सीट. संध्याकाळपर्यंत तुझे पाय जमिनीवर आणतो."

हे वाक्य कुठल्याही नवऱ्याने कुठल्याही बायकोला बोलू नये. पण त्याने प्रेमाने म्हटलं होतं, म्हणून तिने सोडून दिलं.

त्याने रेक्झीन उसवलं, आतला स्पंज सुरीने तासला, परत शिवलं. बोटभर फरक पडला. मग त्याच्या ओळखीचा एक मेकॅनिक आला, त्याने मागच्या शॉकअपची पट्टी बदलली आणि गाडी मागून खाली बसवली. पुढूनही बसवली. आता टाचणी सीटवर बसली की दोन्ही पाय जमिनीवर सपाट. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. सकाळची वेळ होती, त्यामुळे सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राचा कागद आणून तिच्या टाचेखाली सरकवून बघितला, दाराखाली फट आहे का बघतात तसा. कागद गेला नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली.

पहिली गंमत त्याच दिवशी झाली. गाडी खाली बसली होती, पण तिचा बाजूचा स्टँड होता तेवढाच लांब राहिला होता. त्यामुळे स्टँडवर लावली की ती कलायच्या ऐवजी शिपायासारखी ताठ उभी राहायची. कुणाच्याच लक्षात आलं नाही. दारासमोर गिऱ्हाइकाचा नवा कोरा, दुधाच्या रंगाचा सोफा गोंद वाळायला ठेवला होता. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी डुलली आणि पलीकडच्या अंगाला पडली ती थेट सोफ्यावर. ब्रेकचा दांडा गादीत घुसून आरपार गेला.

नवरा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. सासूबाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. टाचणीने देवाचं नाव घेतलं.

दुसरी गंमत वीटभट्टीमागच्या मैदानात झाली. तिथं तिने सरावाला दगड मांडले होते, एक लाकडाचा ओंडका आडवा टाकला होता. पुढचं चाक ओंडक्यावरून गेलं, आणि मग 'ठक्क'. गाडीचं पोट ओंडक्यावर बसलं आणि ती ओंडक्यावर झोके घेऊ लागली, मागचं चाक हवेत फिरतंय, पुढचं चाक मातीत रुतलंय. दोन्ही पाय मात्र छान जमिनीवर. प्रत्येक दगडाला पोट घासलं. पाय ठेवायची जागा आणि सीट इतकी जवळ आली होती की गुडघे हनुवटीशी. चढाला उभं राहून चालवायचं असतं, तर उठतानाच मांड्या भरून येत.

ती गाडी ढकलत घरी आली. नवरा सोफ्याच्या फाटलेल्या जागेवर नवं कापड ताणत होता.

"टेकतात ना आता?" त्याने तोंडात खिळे धरूनच विचारलं.

त्या दिवशी देवाला उसंत मिळाली नसावी, इतकं नाव तिने दारापासून पाण्याच्या माठापर्यंत घेतलं. तरी शेवटी नेम मोडलाच.

"मी गाडी आणली होती, तुम्ही सोफा करून ठेवलात!"

"तुझ्यासाठीच केलं ना?"

"पाय, पाय, पाय! मी गाडी चालवायला चाललेय का जमीन तुडवायला? ती दगडावरून जात नाही. ओंडक्यावरून जात नाही. पायाखाली कागद जात नाही एवढंच!"

"मग मुकादमाला काय सांगणार? त्यानेच सांगितलंय ना, पाय टेकवून थांब म्हणून?"

हेच तर अडलं होतं. गाडी उंच ठेवली तर पाय टेकत नाहीत आणि खाली आणली तर वाट चढत नाही. देवाने डोंगर केला, गाडी करणाऱ्यांनी गाडी केली, आणि मधे तिला करताना कुणीतरी वीतभर हात आखडता घेतला. ती पायरीवर बसली. "पाय टेकत नाहीत तर नाहीत," ती म्हणाली. "आता हात टेकते."

दुपार टळून गेली होती, त्यामुळे सासूबाईंना बोलायची मोकळीक होती. सकाळचं साठलेलं त्या दुपारनंतर एकदम सोडत. "हात टेकायचेत ते देवापुढे टेक," त्या म्हणाल्या. "आणि गाडी होती तशी करून घे. सोफ्यावर बसून डोंगरावर कुणी गेलेलं मी तरी ऐकलं नाही. आणि तू रे, खिळे काढ तोंडातले, गिळशील एखादा."

गाडी होती तशी करायची ठरलं. मेकॅनिकने कुरकुरत जुनी पट्टी बसवली. स्पंजचा मात्र घोळ झाला. कापलेला तुकडा नवऱ्याने जपून ठेवला होता खरा, पण मधल्या काळात एका स्टुलाच्या गादीत भरून टाकला होता, आणि स्टूल गिऱ्हाइकाकडे गेलं होतं. त्याने दुसरा तुकडा चिकटवला. तो जरा जास्त भरला. शिवून झाल्यावर सीटला मधोमध उंटासारखा उंचवटा आला.

टाचणी बसली. खाली बघितलं.

"अहो."

"हं?"

"ही दुकानात होती त्यापेक्षा उंच झालीये."

नवऱ्याने उंचवट्यावर तळहात दाबून बघितला. "बसेल तो," तो म्हणाला. "बसून बसून बसतो स्पंज."

राहिलेले दिवस तिने मैदानात काढले. उंच गाडी ओंडक्यावरून सहज जायची. दगडावरून जायची. चढ चढायची. उभं राहून चालवलं की मांड्या भरत नव्हत्या. सगळं जमायचं, थांबणं सोडून. थांबायचं म्हटलं की ती सीटवरून डावीकडे घसरायची, अर्धं बूड खाली, डावा पाय जमिनीवर. मग उजवा टेकवायला जावं तर डावा उचलला जायचा. तराजूच्या पारड्यांसारखं, एक खाली की दुसरं वर. तिने उजवीकडे घसरून बघितलं, बुटात कापड घालून बघितलं, जमिनीचे दोन उंचवटे शोधून त्यांच्या मधोमध थांबून बघितलं. उंचवटे तिला हवे तिथं डोंगर ठेवणार होता थोडाच! डावा टेकायचा, उजवा आपला ब्रेकवर. डावा जमिनीवर, उजवा ब्रेकवर. अर्धंच जमायचं, आणि अर्ध्याला कोण विचारतं?

महिनाअखेरीच्या सकाळी ती निघाली तेव्हा तिच्या मनात जिंकण्याचं काही नव्हतंच. चढ तर चढून दाखवू, मग मुकादम म्हणेल ते ऐकू, आणि परत तळघरात काट्यासमोर बसू, एवढंच. नवऱ्याने दारातून हात हलवला. त्याच्यामागे सासूबाई आल्या. मौन चालू होतं. त्यांनी एक बोट वर केलं.

"हो आई," ती हेल्मेटमधून म्हणाली.

सासूबाईंनी मान जोरजोरात हलवली आणि बोट आणखी वर केलं. एक.

"हो, देव एकच. त्याच्यावरच सोडलंय." तिने किक मारली. आरशात तिला दिसलं, सासूबाई कपाळावर हात मारून घेत होत्या. त्यांचाही भरवसा उडाला वाटतं, तिच्या मनात आलं.

चढाखाली मुकादम छत्री टेकून उभा होता. ताडमाड आधीच आला होता, कुणाची तरी कपाटाएवढी गाडी मागून आणून. तिच्या सीटकडे बघून त्याने विचारलं, "हे काय, गाडी आणलीस का उंट?"

तिने पिशवीतून हातमोजे काढले. म्हणजे काढला. एकच होता. पिशवी उलटी केली, झटकली. एकच. तिला एकदम रडू यायला लागलं. मोज्यासाठी कुणी रडतं का? पण त्या घटकेला तिला वाटलं, आपल्याला सगळं अर्धंच मिळायचं ठरलेलं आहे. उंची अर्धी, मोजे अर्धे, पाय अर्धे.

"आधी कोण?" मुकादमाने विचारलं.

"मी," ताडमाड म्हणाला, आणि गेला. चालवत बरा होता. चढाच्या अर्ध्यात पोचला, गाडी थांबवली, आणि दोन्ही लांब पाय दोन्हीकडे खांबांसारखे रोवले. मान वळवून खाली तिच्याकडे बघून हसलासुद्धा.

आणि गाडी मागे यायला लागली.

पुढचा ब्रेक त्याने दाबला होता. पण चढावर पुढच्या चाकावर वजन नसतं. चाक फिरत नव्हतं, तसंच खडीवरून घसरत मागे येत होतं. मागचा ब्रेक पायाने दाबायचा असतो, आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. तो दोन्ही पायांनी मागे मागे चालत, मग उड्या मारत, मग ओरडत वाटेच्या कडेच्या झुडपात गेला. झुडपातून फक्त हेल्मेट दिसत होतं.

मुकादम हसला नाही. "लागलं?" त्याने विचारलं. हेल्मेट नाही म्हणून हललं. "मग गाडी बाजूला घे. टाचणी, चल."

ती गेली. उजव्या तळव्याला मोजा नव्हता, मूठ रबरावर सोलून निघत होती. उभी राहिली, दगडांवरून गाडी टणटण वर गेली, पोट कुठंच लागलं नाही. अर्ध्यात आली. डावीकडे घसरली, अर्धं बूड सीटखाली, डावा पाय एका दगडाच्या कडेवर टेकवला. उजवा ब्रेकवर. गाडी जागच्या जागी थांबली, खिळवल्यासारखी.

ती वाट बघत राहिली. आता तो ओरडेल, दुसरा टेकव. आता ओरडेल. उजवा पाय काढून खाली नेऊन बघावा का? नेला तर झुडूप. नाही नेला तर तळघर. तिने नेला नाही.

"निघ!" खालून आवाज आला.

निघ म्हणजे जा घरी, असंच तिला ऐकू आलं. पण घरी जायला आधी वर जाऊन वळावं लागणार होतं. ती वर गेली, टाकीशी वळली, खाली आली, इंजिन बंद केलं आणि गाडीवरून उतरायच्या आधीच बोलायला लागली. "मुकादम, दुसरा नाहीच टेकत. मी सगळं करून बघितलं. स्पंज कापला, गाडी खाली केली, परत वर केली, लोकांचा सोफा फाडला. दुसरा टेकतच नाही. राहू दे. मी जाते पंपघरात."

"दुसरा काय?" मुकादमाने विचारलं.

"पाय!"

"दुसरा पाय कशाला टेकवायचा?"

"तुम्हीच म्हणालात ना! पाय टेकवून थांब."

"पाय म्हणालो."

"पाय म्हणजे... दोन असतात ना पाय!"

"हात पण दोन असतात," मुकादम म्हणाला. "बस थांबवायला हात दाखव म्हटलं, तर दोन्ही दाखवतेस?"

झुडपातून पाला झटकत ताडमाड आला होता, तोही ऐकत थांबला.

"चढावर दोन्ही टेकवलेस तर मागचा ब्रेक कोण दाबणार? मी?" मुकादमाने छत्रीने झुडपाकडे दाखवलं. एका दमात एवढं बोलून तो थकल्यासारखा दिसला. "सोमवारपासून लाइनवर ये. मोजे दोन्ही आण."

लोकांना वाटेल, तिला आनंद झाला असेल. झाला, पण नंतर. आधी तिला असा संताप आला की डोळ्यांसमोर अंधारी आली. एक महिना! तीन दुकानं, एक सुरी, एक सोफा, नवऱ्याशी भांडण, उंटाचा उंचवटा, रोज संध्याकाळी पारड्यासारखं हेलकावणं, आणि हे सगळं कशासाठी, तर 'पाय' हा शब्द एकाला म्हणा की दोनाला म्हणा, तस्साच राहतो म्हणून! एक माणूस दोन शब्द जास्त बोलला असता तर काय बिघडलं असतं? आणि एवढ्या माणसांत, नवरा, मेकॅनिक, दुकानदार, ती स्वतः, कुणालाच विचारावंसं वाटलं नाही, की मुकादम, एक का दोन? त्यात विचारायचं काय? पाय म्हणजे पाय. तिने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि घरापर्यंत घेत राहिली.

घरी पोचेस्तोवर दुपार झाली होती. सासूबाई दारातच उभ्या होत्या, ओठांवर शब्द तयार ठेवून.

"मिळाली," ती म्हणाली. "आई, तुम्हाला ठाऊक होतं! तुम्ही बोट दाखवलंत ना, एक. एक पाय पुरतो म्हणून! मग काल दुपारी का नाही सांगितलंत?"

"कसला पाय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पाठीमागचा हात पुढे केला. हातात हातमोजा होता. "एकच घेऊन चाललीस, एकच घेऊन चाललीस म्हणून बोट नाचवतेय, तर म्हणे देव एकच! देव एक आहे हे मला तू शिकवणार? मौन मोडायची पाळी आली होती माझी." मग त्यांना तिचा सोललेला तळवा दिसला आणि त्या हळद आणायला आत गेल्या.

सोमवारी ती लाइनवर गेली. वर पंपाची घुं घुं नव्हती. नळाच्या आत पाणी सरकत होतं त्याचा बारीक आवाज, आणि पाल्याचा वास. तिसऱ्या जोडाशी थांबताना तिचं मन भलतीकडे गेलं, महिनाभराची खोड होती, उजवा पायही टेकवायला गेली, आणि गाडीसकट आडवी झाली. कुणी बघितलं नाही. कुणी हसलं नाही. कुणी उचलायलाही आलं नाही. ती उठली, गाडीकडे पाठ केली, हँडल आणि सीटखालची कड धरली, आणि पायांनी डोंगर ढकलत मागे सरकली. गाडी कुरकुरली आणि उभी राहिली.

टाकीशी फोनला रेंज आली आणि लगेच वाजला. नवरा होता. मागे शिवणयंत्राची घरघर चालू होती.

"अगं, पोचलीस का? उंचवटा बसला का जरा?"

"नाही बसला."

"बसेल. बसून बसून बसतो." तो घुटमळला. त्याच्या तोंडात पुन्हा खिळे असावेत. "आणि... पाय टेकतात ना?"

तिने टाकीच्या काठावर ठेवलेल्या आपल्या डाव्या बुटाकडे बघितलं. उजवा ब्रेकवर होता.

"टेकतो," ती म्हणाली.